बिल्ड झालं, पण एसएसएल कुठाय?

संध्याकाळी क्लायंटला डेमो द्यायचाय. नव्या सर्व्हरवर तुम्ही पायथॉन सोर्समधून बिल्ड केलं, एकही एरर नाही. मग पिपने पॅकेज टाकायला गेलात, तर म्हणतो, एसएसएल मॉड्यूलच नाही!

झालं काय, सुरक्षित कनेक्शनसाठी लागणाऱ्या ओपनएसएसएलच्या डेव्हलपमेंट फाइल्स सर्व्हरवर नव्हत्या. उबंटूवर ते पॅकेज लिबएसएसएल-डेव. पायथॉनच्या दृष्टीने हे मॉड्यूल ऐच्छिक, म्हणून बिल्ड थांबत नाही. राहिलेल्या मॉड्यूल्सची यादी शेवटी छापतो, पण ती वाचतो कोण! सेंटओएस ७ वर तर लायब्ररी होती, पण १.०.२, पायथॉन ३.१० ला किमान १.१.१ लागते. म्हणजे असून नसल्यासारखी.

कर्लने २०२१ मध्ये, ७.७७.० पासून, हा अंदाजपंचे कारभार बंद केला. टीएलएस लायब्ररी कोणती ते सांगा, किंवा नकोच असं स्पष्ट लिहा. गप्प बसलात तर कॉन्फिगर थांबतं. मला हे पटतं.

आता तुमची स्क्रिप्ट. गिऱ्हाइकाने आल्याचा चहा मागितला आणि आलं संपलंय, तर गुपचूप साधा चहा द्याल का? ऑप्शन मागितलाय आणि लायब्ररी नाही, तर तिथेच थांबवा, हव्या त्या पॅकेजचं नावही सांगा. मागितलाच नसेल तर पुढे जा, पण शेवटी "एसएसएल: नाही" असं ठळक छापा. आणि हो, क्लायंटला लिंक पाठवायच्या आधी पायथॉनमध्ये 'इम्पोर्ट एसएसएल' एकदा चालवून बघाच.