पंधरा मिनिटांचा दंड

ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने कॉमकास्ट या केबल कंपनीला 23 लाख डॉलर भरायला लावले. ग्राहकांनी न मागितलेल्या वाहिन्या आणि सेट टॉप बॉक्स त्यांच्या बिलात चढवल्याचा आरोप होता. काहींनी तर स्पष्ट नकार दिलेला होता. केबल कंपनीकडून आयोगाने तोवर वसूल केलेला हा सर्वांत मोठा दंड. त्या वर्षी कॉमकास्ट समूहाचे एकूण उत्पन्न होते 80 अब्ज डॉलरांहून अधिक. भागाकार केला की हा विक्रमी दंड जेमतेम पंधरा मिनिटांच्या महसुलाएवढा भरतो!

ही रक्कम जमा झाली सरकारी खजिन्यात. मग ती गेली कोणाच्या खिशातून? ‘शेवटी ग्राहकाच्याच’ असे आपण चटकन म्हणतो, पण अर्थशास्त्र तिथे थांबवते. ज्या गावात दुसरी केबल नाही, तिथे कंपनी ग्राहक टिकेल तेवढा जास्तीत जास्त दर आधीच लावून बसलेली असते. दंड झाला म्हणून दर आणखी वाढवून फायदा होणार असेल, तर तो तिने कालच वाढवला असता. कायद्यानेही एक वाट बंद केली आहे. स्थानिक प्रशासनाला द्यायचे परवाना शुल्क, म्हणजे महसुलाच्या जास्तीत जास्त 5 टक्के, ग्राहकाच्या बिलावर वेगळे दाखवण्याची कंपनीला मुभा आहे. मात्र 1984 च्या केबल कायद्याने या शुल्काच्या व्याख्येतून दंडाची रक्कम वगळली आहे.

म्हणजे एकदाच भरायच्या दंडाचा भार मुख्यतः भागधारकांवर पडतो. त्यांत पेन्शन फंड आणि म्युच्युअल फंड असतात, म्हणजे पर्यायाने निवृत्तीसाठी पैसे साठवणारी नोकरदार माणसे. कंपनीच्या कारभारात त्यांचा आवाज किती? कॉमकास्टमध्ये एकूण मतांपैकी एक तृतीयांश मते विशेष शेअर्समुळे एकट्या अध्यक्ष ब्रायन रॉबर्ट्स यांच्या हाती आहेत, आणि मालकीतला त्यांचा वाटा मात्र त्या मानाने अगदी लहान आहे. निर्णय वर होतो, तोटा खाली वाटला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते इथे हिशेबाच्या वहीत दिसते.

तडजोडीने मिटणाऱ्या प्रकरणांत तर आणखी मोठे आश्चर्य आहे. कबूल केलेला वेग न देता इंटरनेट विकल्याबद्दल न्यूयॉर्क राज्याने 2017 मध्ये चार्टर या केबल कंपनीवर दावा लावला. डिसेंबर 2018 मध्ये तो 17 कोटी 42 लाख डॉलरांवर मिटला. यात रोख परतावा होता 6 कोटी 25 लाखांचा. बाकीची भरपाई कंपनीने मालाच्या रूपाने दिली: तीन महिने एचबीओ किंवा सहा महिने शोटाइम फुकट, आणि नुसते इंटरनेट घेणाऱ्यांना महिनाभर कंपनीचीच स्ट्रीमिंग सेवा. वाहिनी आणखी एका घरात चालू करायला कंपनीला फारसा खर्च येत नाही, आणि मुदत संपल्यावर काहीजण तीच वाहिनी पैसे भरून चालू ठेवतात. अशी भरपाई मला जाहिरातीच्या फार जवळची वाटते.

करदात्याचाही यात वाटा असू शकतो. सरकारला भरलेला दंड करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. पण तडजोडीतला जो भाग नुकसानभरपाई म्हणून नोंदवला जातो, तो कायद्यातल्या अटी पाळून वजा करता येतो. संघराज्याचा कंपनी कर 21 टक्के. म्हणजे अशा प्रत्येक डॉलरमागे 21 सेंटांपर्यंतचा कर खजिन्यात येतच नाही.

वॉशिंग्टन राज्याचा खटला मात्र मला खरोखर आशादायक वाटतो. महिन्याला 5.99 डॉलरची ‘सेवा संरक्षण योजना’ ग्राहकांच्या संमतीविना किंवा खरा खर्च न सांगता गळ्यात मारल्याबद्दल 2019 मध्ये न्यायालयाने कॉमकास्टला 91 लाख डॉलर दंड केला. त्याशिवाय सुमारे 50,000 ग्राहकांचे पैसे 12 टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. ज्यांच्या खिशातून पैसे गेले, त्यांच्याकडेच ते परत वळवणारा हा आदेश होता. 2016 च्या प्रकरणातही दंडापेक्षा मोलाची ठरते ती एक अट: नवी सेवा किंवा उपकरण बिलात घालण्यापूर्वी कंपनीने ग्राहकाची स्पष्ट संमती घेतली पाहिजे.