आधी अभिक्रिया, मग आवर्तसारणी
रसायनाचा तास : लेखांक 5

जून उजाडला की मुख्याध्यापकांकडे वार्षिक नियोजन द्यावे लागते. बहुतेक शाळांत ते पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवूनच लिहिले जाते. प्रकरण, तासिका, महिना असे तीन रकाने भरले की काम झाले. गेल्या चार लेखांकांत आपण वर्गातल्या एकेका तासाबद्दल बोललो. आज पूर्ण सत्राचा विचार करू, कारण कोणत्या गोष्टीनंतर कोणती गोष्ट यावी हा निर्णय मला पाठटाचणाहूनही मोलाचा वाटतो.

दहावीचे पहिले सत्र घेऊ. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत 17-18 आठवडे मिळतात. विदर्भात शाळा उशिरा सुरू होतात, तिथे आणखी कमी. घटक चाचणी, सत्र परीक्षा, गणपती आणि अतिवृष्टीच्या सुट्ट्या वजा केल्या की हाती 14 उरतात. विज्ञान भाग 1 ला आठवड्याला 3 तासिका धरल्या तर 42 झाल्या. त्यांतून गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम आणि उष्णता यांचा वाटा काढला की ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ आणि ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या दोन प्रकरणांना मिळून साधारण 16 तास येतात.

पुस्तकात वर्गीकरण आधी आहे आणि अभिक्रिया नंतर. मी हा क्रम उलटा घ्यावा असे म्हणतो आणि त्यासाठी खुद्द मेंडेलीव्हचाच दाखला देतो.

1867 मध्ये दिमित्री मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात सामान्य रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे रशियन पुस्तक त्याला सापडेना, म्हणून 1868 मध्ये तो स्वतःच लिहायला बसला. पहिल्या भागात त्याने हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि हॅलोजन अशा मोजक्या मूलद्रव्यांचे आणि त्यांच्या संयुगांचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा ज्ञात असलेल्या 63 मूलद्रव्यांपैकी बहुतेक सगळी दुसऱ्या भागासाठी शिल्लक राहिली. आता सोडियम-पोटॅशियमनंतर कोण घ्यायचे? कोणत्या न्यायाने? 1869 च्या आरंभी या अडचणीतून वाट काढताना त्याने अणुवस्तुमानांच्या चढत्या क्रमात गुणधर्म पुन्हा पुन्हा येतात हे पाहिले आणि सारणीचा पहिला आराखडा मांडला. आवर्तसारणीचा उगम अभ्यासक्रम आखणाऱ्या एका शिक्षकाच्या टेबलावर आहे, हे आपल्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

पण मेंडेलीव्हला वर्गीकरणाची गरज पडली ती शेकडो पदार्थांची ओळख झाल्यावर. आपल्या मुलांना जुलैमध्ये डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्ह आणि मोस्ली असा इतिहास ऐकवायचा, तर त्याआधी त्यांनी काय हाताळलेले असते? लिथियम, सोडियम, पोटॅशियम ही त्यांच्यासाठी नुसती नावे असतात. ज्या वस्तू पाहिल्याच नाहीत त्यांचे गट पाडायचे, म्हणजे शेवटी पाठांतरच.

म्हणून पहिले 2 तास नववीच्या संयुजेच्या उजळणीला द्यावेत. कॅल्शियम क्लोराइडच्या सूत्रात क्लोरीनखाली 2 का येतो, हे ज्याला सांगता येत नाही तो पुढे समीकरणात हमखास अडकतो. त्यानंतर अभिक्रियांना 7 तास. सुरुवात कळीच्या चुन्याने करावी. बोराएवढा खडा चंचुपात्रात ठेवून थोडे थोडे पाणी घालायचे. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण उष्णतेने शिंतोडे उडतात. खडा फुगतो, फुटतो, वाफ येते. मुलांना पात्र बाहेरून जपून चाचपू द्या. संयोग अभिक्रिया आणि उष्मादायी अभिक्रिया दोन्ही तिथेच कळतात. मग आणखी पाणी घालून ढवळायचे, निवळू द्यायचे आणि वरची निवळी दुसऱ्या दिवशी परीक्षानळीत घ्यायची. नळीने हलकेच फुंकले की निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचा अवक्षेप येतो. बहुतेक शिक्षक इथेच थांबतात. फुंकत राहा. काही वेळाने दुधाळपणा जाऊन द्रावण पुन्हा नितळ होते, कारण आता पाण्यात विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार झालेले असते. किराणा दुकानातल्या किमतीच्या एका खड्यातून तीन समीकरणे मिळतात आणि मुले ती स्वतः लिहायला धडपडतात, कारण डोळ्यांपुढे काय घडले ते त्यांना सांगायचे असते.

मोरचुदाच्या द्रावणातला लोखंडी खिळा तर सगळेच दाखवतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

सत्र आखताना ऋतूही पाहावा. क्षरणाचा प्रयोग जुलैसारखा दुसऱ्या कोणत्याच महिन्यात होत नाही. तीन परीक्षानळ्यांत स्वच्छ घासलेले खिळे ठेवायचे: एकीत साधे पाणी, खिळा अर्धा वर राहील एवढे, दुसरीत उकळून घेतलेले पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत निर्जल कॅल्शियम क्लोराइड आणि घट्ट बूच. कॅल्शियम क्लोराइडची बाटली मात्र ऐनवेळीच उघडावी, कारण दमट हवेत ते ओलावा शोषून पार पाणी होते, कोकणात तर बघता बघता. नळ्या वर्गाच्याच खिडकीत राहू द्याव्यात. ऑक्सिडीकरणाचा तास येईपर्यंत पहिला खिळा तांबारलेला असतो. मोरचुदाचे मोठे स्फटिक वाढवायचे असतील तर ते काम दिवाळीनंतर ठेवावे, कारण पावसाळ्यात बाष्पीभवन फार मंद होते.

आता आवर्ती वर्गीकरण, 5 तास. पहिल्या तासाला फळ्यावर काहीही लिहू नये. हलक्या मूलद्रव्यांची 20 कार्डे, प्रत्येकावर अणुवस्तुमान, ऑक्साइडचे सूत्र आणि एखाददुसरा गुणधर्म, अशी गटागटाला द्यावीत आणि एक कार्ड मुद्दाम काढून ठेवावे. कुठे जागा रिकामी राहते आणि तिथे कोण असावे, हे मुलांनी ठरवायचे. मगच गॅलियमची गोष्ट सांगावी. मेंडेलीव्हने ज्याला एका-ॲल्युमिनियम म्हटले ते मूलद्रव्य 1875 मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनज्ञाला सापडले. त्याने घनता 4.7 मोजली. मेंडेलीव्हने कळवले की ती 5.9 च्या आसपास हवी. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती 5.9 भरली. नमुना समोर असलेल्या माणसाची चूक दूरच्या पीटर्सबर्गहून सारणीच्या आधारे दाखवून दिली गेली, हे ऐकताना मुले थक्क होतात. ज्यांनी नुकतीच स्वतःची रिकामी जागा शोधली आहे, त्यांना तर ते फार जवळचे वाटते.

उरलेले 2 तास राखीव. ते रिकामे दिसतात म्हणून कुणाला देऊन टाकू नयेत. पावसाने एखादा आठवडा गेलाच तर ते लागतात.

क्रम बदलायचा तर पहिल्या घटक चाचणीचा भाग आधी सहशिक्षकांशी बोलून ठरवावा, नाहीतर तुकड्या-तुकड्यांत गोंधळ होतो. आणि साठा नोंदवहीही याच आठवड्यात उघडावी. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे आणि उजेडात खराब होते, म्हणून गडद बाटलीत आहे ना ते पाहावे. मॅग्नेशियमच्या फितीवर पांढुरका थर आला असेल तर ती पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्याशिवाय नीट पेटत नाही. कळीचा चुना मात्र दुकानातून ताजाच आणावा, कारण गेल्या वर्षीचा खडा हवेतल्या ओलाव्याने केव्हाच विझलेला असतो.