तिकीट फुकट झालं, गाडीचं काय?

मागच्या हंगामातली गोष्ट आहे. कपाशीतले कामगंध सापळे पाहायला मी सकाळीच निघालो होतो. राळेगाव तालुक्याच्या वर्धा नदीकडच्या भागातलं एक गाव. फाट्यावर निंबाखाली एक आजी बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याची चिठ्ठी आणि आधार कार्ड. मी मोटारसायकल थांबवली.

"आजी, कुठं निघाल्या?"

"राळेगावले जी, दवाखान्यात. सकायची गाडी आलीच नाई."

घड्याळात साडेनऊ झाले होते. आजी सातपासून बसून होत्या. वय विचारलं तर अठ्ठ्याहत्तर. मी सहज म्हटलं, "मग तुम्हाला तर तिकीट फुकट आहे." त्यावर आजी हसल्या आणि म्हणाल्या, "तिकीट फुकट देल्लं जी सरकारनं. पन गाडी देल्ली नाई ना, बाप्पा."

तेवढ्यात काळी-पिवळी आली. आधीच खच्चून भरलेली. कुणीतरी सरकून आजींना जागा दिली आणि पदराची गाठ सोडून पैसे मोजत आजी निघून गेल्या. त्या दिवशी सापळ्यातले पतंग मोजताना माझ्या डोक्यात त्यांचंच वाक्य घोळत होतं.

शेतीच्या पानावर एसटीचा विषय कशाला, असं तुम्ही विचाराल. पण शेतकऱ्याचं कोणतं काम गाडीवाचून होतं, ते सांगा. बियाणं, पीककर्ज, तहसीलचा दाखला, आठवडी बाजार, पोरीची शाळा, म्हातारीचा दवाखाना, सगळं तालुक्याच्या ठिकाणी. मोठं दुखणं निघालं तर यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय नाही तर नदीपलीकडचं सेवाग्राम. आपल्या तालुक्यात रेल्वे नाही. वर्धा ते कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ ला झालं, त्याचा आनंदच आहे. पण कळंबपर्यंत जायला पुन्हा गाडी आलीच. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे त्याचं भागतं. ज्याच्या दारात नाही, त्याला एसटीच.

कोणाला काय मिळतं?

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. पुढे महाराष्ट्र झाला, लाल गाडी आपल्याही गावात आली आणि 'रस्ता तिथे एसटी' हे शब्द घरोघरी गेले. तेव्हापासून आजपर्यंत सरकारनं एक एक करत बऱ्याच सवलती दिल्या. गावात फिरताना असं दिसतं की निम्म्या लोकांना त्या पुरत्या ठाऊकच नसतात. म्हणून मुख्य तेवढ्या सांगतो.

पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला अर्धं तिकीट. बायाबापड्यांना, मुलींना १७ मार्च २०२३ पासून 'महिला सन्मान योजने'त अर्धं तिकीट, वयाची अट नाही. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी शिकणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेचा पास मोफत. मुलांना मासिक पासाच्या रकमेचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. दिव्यांग व्यक्तीला पंचाहत्तर टक्के सवलत, आणि अपंगत्व पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीत पूर्ण सवलत आहे. आपल्या भागात, विशेषतः आदिवासी बांधवांत, सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. तरी या सवलतीचं नाव न ऐकलेली घरं मी पाहिली आहेत. कागद कोणते लागतात ते आगारात जाऊन एकदा विचारून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. वडकीहून आदिलाबादकडे जाल तर हद्दीपुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. पलीकडे तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून तिथल्या महिलांना प्रवास अजिबात मोफत केला आहे. तिकडे गर्दी इतकी वाढली की गाड्या पुरेनाशा झाल्या. म्हणजे सवलत दिली की गाड्याही वाढवाव्या लागतात.

टप्प्याचा हिशेब

भाड्याबद्दल फाट्यावर नेहमी वाद होतो. 'कंडक्टरनं जास्त घेतले' ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. बहुतेक वेळा कंडक्टरचा दोष नसतो. एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर ठरतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. तुमचं गाव टप्प्याच्या थोडं पुढे असेल तर पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. सात किलोमीटरला बारा किलोमीटरचं भाडं, हे त्यातूनच येतं.

२५ जानेवारी २०२५ पासून भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं. साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. आता हिशेब करा. राळेगावहून कळंबमार्गे यवतमाळ पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर पडतं. अठ्ठेचाळीस किलोमीटर धरले तर आठ टप्पे. आधी ६९ रुपये ६० पैसे होत, आता ८० रुपये ४० पैसे. वरचे छोटे अधिभार वेगळे. बाईमाणसाला त्याचे चाळीसच्या आसपास. गड्याला मात्र पूर्ण. रोजमजुरीच्या माणसाला जाऊन-येऊन दीडशेच्या वर मोजावे लागले तर दिवसाच्या मजुरीचा मोठा लचका गेलाच की.

तरीही मी म्हणेन की भाडं हे दुसरं दुखणं. पहिलं दुखणं गाडीचं. भाडं वाढलं तर माणूस कुरकुरत का होईना देतो. गाडी आलीच नाही तर काय द्यायचं आणि कुणाला?

गाडी बंद का पडते?

आगारातल्या लोकांशी बोललो तर एक शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतो, 'भारमान'. गाडीत जागा किती आणि माणसं किती, याचा हिशेब म्हणजे भारमान. ज्या फेरीचं भारमान घसरतं, त्या फेरीवर आधी कात्री चालते. गाड्या कमी, चालक-वाहक कमी, डिझेल महाग. कोरोनाआधी महामंडळाच्या गाड्या अठरा हजारांच्या घरात होत्या, त्या पुढे बऱ्याच घटल्या. जून २०२५ मध्ये महामंडळाची श्वेतपत्रिका निघाली, तीत साठलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं खरं, पण ते वेळेवर आले नाहीत की चाक तिथंच रुततं.

आता आपल्या बाजूचं पाहू. कोरोनात गाड्या थांबल्या. मग २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्यांची दुखणी खरी होती. पण त्या काळात गावाला काळी-पिवळीची सवय लागली ती लागलीच. गाडी एक दिवस येत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी वाट पाहत नाही. माणूस वाट पाहत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी गाडी रिकामी जाते. रिकामी गेली म्हणून चौथ्या दिवशी बंद होते. पाणी नाही म्हणून पीक नाही, आणि पीक नाही म्हणून विहिरीला पैसा नाही, तशातलीच ही गत.

काळी-पिवळीवाल्याला मी दोष देत नाही. तोही आपल्याच गावचा पोरगा, हप्ते फेडतोय. अडल्या वेळी तोच कामी येतो. पण तो आजींना सवलत देऊ शकत नाही, पोरींचा पास घेऊ शकत नाही. आणि नको तितकी माणसं कोंबलेल्या गाडीला काही झालं, तर भरपाईसाठी कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागतात.

आधी मोजा, मग मागा

जमिनीचा नमुना तपासल्याशिवाय खताची मात्रा सांगू नये, असं आम्हाला पदविकेला शिकवलं. गाडीच्या मागणीचंही तसंच आहे. 'आमच्या गावाला गाडी पाहिजे' एवढ्या एका ओळीच्या अर्जावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही.

एका गावातला अनुभव सांगतो. तिथल्या मुली तालुक्याला शाळेत जात. शाळा पाचला सुटे आणि परतीची गाडी साडेचारला निघे. पोरी रोज शेवटचे दोन तास सोडून थांब्याकडे पळत. ते शेवटचे तास बहुतेक गणित आणि विज्ञानाचे असत. एका पोरीचा बाप मला बांधावर म्हणाला, "साहेब, दहावीत गणितात राहिली. आता काऊन पाठवू तिले?" गाडी होती, पास फुकट होता, आणि तरीही अर्ध्या तासानं त्या पोरीचं शिक्षण तुटायला आलं होतं.

आम्ही बसून एक वही घातली. ग्रामपंचायतीच्या शिपायानं आणि दोन पोरांनी पंधरा दिवस फाट्यावर नोंद ठेवली. कोणत्या वेळेला किती माणसं उभी होती, कुठं जायची होती, त्यात विद्यार्थी किती, बाया किती, म्हातारे किती, गाडी किती वाजता आली की आलीच नाही. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या वेळेचं पत्र घेतलं. ग्रामसभेत ठराव केला. हे सगळं आगार व्यवस्थापकांना दिलं, विभाग नियंत्रकांना प्रत पाठवली आणि दोन्हीकडून आवक क्रमांकासह पोच घेतली. दोन चकरा फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी साहेबांनी वही चाळली. महिन्याभरात संध्याकाळची गाडी पाचच्या पुढे सरकली. सकाळच्या फेरीचं घोडं मात्र अजून अडलेलंच आहे, तेही सांगितलं पाहिजे. पण ती पोरगी पुन्हा शाळेत जाते.

म्हणून तुम्हालाही सांगणं हेच. वही घाला. ठराव करा. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्या फेरीच्या नोंदी आणि भारमान मागा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पासासाठी पोरांना आगाराच्या रांगेत शाळा बुडवून उभं करू नका. जून २०२४ पासून शाळेतच पास देण्याची मोहीम महामंडळानं घेतली, त्यासाठी मुख्याध्यापकांनी यादी वेळेत द्यायची असते. तेवढी आठवण त्यांना करा.

आणि सगळ्यात साधी गोष्ट. मोफत प्रवास असला तरी शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्या. आजी-आजोबांना वाटतं, फुकट आहे तर तिकीट कशाला? पण त्या तिकिटावरूनच सरकारकडून पैसे येतात आणि त्यावरूनच गाडीत माणसं होती हे कागदावर दिसतं. तिकीट नाही घेतलं तर तुम्ही त्या गाडीत बसलाच नव्हता, असं होतं.

चढायची पायरी

गाडी आली, तिकीटही मिळालं, तरी एक अडचण उरतेच. एसटीची पहिली पायरी. गुडघे धरलेल्या माणसाला ती डोंगराएवढी वाटते. कंडक्टर वरून हात धरतो, मागून कुणी तरी रेटतं, आणि म्हातारं माणूस लाजेनं अर्धमेलं होतं. कुबड्यावाल्याचे हाल तर विचारूच नका. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ ला झाला. गाडी, बसस्थानक, थांबा हे सगळं त्यांना वापरता आलं पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. खालच्या पायरीच्या गाड्या आपल्या फाट्यावर कधी येतील ते येवोत. तोवर गावाच्या हातात एक काम आहे. थांब्यावर वीतभर उंचीचा पक्का ओटा बांधा, एका बाजूनं उतार ठेवा, बसायला बाक आणि वर सावली करा. गाडी ओट्याला लावली की निम्मी चढण कमी होते. विटा, सिमेंट आणि गवंड्याची थोडी मजुरी, एवढंच त्याला लागतं. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हे काम घ्या, आणि ओटा कुठे घालायचा ते चालकाला विचारूनच ठरवा.

सरकारनं सवलत दिली, चांगलं केलं. पण सवलत म्हणजे बियाणं आहे, वेळेवर येणारी गाडी म्हणजे पाऊस. नुसतं बियाणं मिळून पेरणी होत नाही. सरकारनं सवलतीचे पैसे महामंडळाला वेळेवर द्यावेत, आगारानं शाळा-दवाखान्याच्या फेऱ्या भारमानाच्या तराजूत तोलू नयेत, आणि आपण गाडी आली की तिच्यात बसावं.

त्या आजी परवा पुन्हा दिसल्या. त्याच निंबाखाली. मी विचारलं, "आजी, आली का गाडी?"

"आज आली होती जी," त्या म्हणाल्या, "पन मले चढू देईपर्यंत थांबली नाई."

ओटा कुठे बांधायचा, ते मला त्याच दिवशी ठरवता आलं. आता गावानं ठरवायचं आहे.