माकडहाडाचं दुखणं लपवू नका

बचत गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी बघतो, एखादी ताई सतरंजीवर बसताना एका बाजूला कलून टेकते. विचारलं तर म्हणते, "काही नाही, कंबर धरलीय." जागा अवघड, म्हणून बोलायची लाज. आज त्या जागेचीच ओळख करून घेऊ.

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. जन्मतः ते साधारण ३३ असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. त्याखालचे ५ मोठेपणी जुळून एकच तिकोनी हाड होतं, ते त्रिकास्थी. शेवटी ३ ते ५ बारीक मणके, ते माकडहाड.

कमरेचे मणके सगळ्यात मोठे, कारण वरचा सारा भार त्यांच्यावर. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. कमरेत वाकून उसाची मोळी किंवा डाळिंबाचं क्रेट उचललं की तिच्यावर दाब वाढतो. गादी सरकून शीर दाबली गेली, तर कळ मांडीतून पायापर्यंत उतरते. म्हणून गुडघ्यात वाका, ओझं अंगाजवळ धरा, मग उठा.

माकडहाडाला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जोडलेले असतात. बाळंतपणात हे हाड थोडं मागे सरकतं आणि बाळाला वाट देतं. त्यामुळे बाळंतपणानंतर कधी कधी तिथे दुखत राहतं. गोठ्यात पाय घसरून बुडावर आपटलं तरी हेच होतं. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टणक जागी फार वेळ बसू नका. बसताना थोडं पुढे झुका, मागच्या बाजूला खाच असलेली उशी घ्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. बहुतेकींना काही आठवड्यांत उतार पडतो. पण हाड 'बसवायला' कुणाकडूनही ओढून-दाबून घेऊ नका.

काही खुणा मात्र घरी थांबण्याच्या नाहीत. लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कंबरदुखीसोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, तरी तपासून घ्या.

पुढच्या बैठकीत हप्ता भरून झाला की शेजारच्या ताईला एवढंच विचारा, "बसताना दुखतं का गं?"