ताटासोबत प्रश्न, बिलावर बक्षीस

जरीपटक्यात दाल-पकवान खायला आपण इंदोऱ्याहून पायीही जातो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वस्ती. तिथली न्याहारी आता आपल्याही जिभेवर बसली आहे. जेवता जेवता प्रश्न विचारून बक्षीस देणारी हॉटेले ही तऱ्हा मात्र दूरची. १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या पबवाल्यांनी गिऱ्हाईक नसलेल्या वारी प्रश्नमंजूषा भरवल्या. रिकामी बाकडी भरावीत, एवढाच हेतू. आपल्याकडे २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आले आणि घरोघरी हे वेड लागले.

मालकाचे गणित सोपे. प्रश्न चालू असेतो टेबल उठत नाही, आणखी एक डिश मागवली जाते. बक्षीस म्हणजे बहुधा पुढच्या खेपेच्या सवलतीचे कूपन. ‘अमुक रुपयांच्या बिलावरच’ ही ओळ बारीक अक्षरात असली तर आधी वाचून घ्यावी. दोनशेच्या सुटीसाठी हजाराचे बिल रोजंदारीच्या घराला कसे झेपणार?

आम्हाला खटकते ते वेगळेच. प्रश्न बहुधा इंग्रजीत आणि सिनेमा-क्रिकेटचे. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. किंवा धम्मदीक्षेची तारीख, १४ ऑक्टोबर १९५६. असे काही विचारले तर आपली पोरे आधी हात वर करतील!

तेव्हा हा खेळ रविवारी घरीच मांडा. प्रश्न मुलांनी काढावेत, उत्तरे आजीने तपासावीत. जिंकेल त्याला एक आलूबोंडा जास्त, हरेल त्याने सगळ्यांचा चहा करावा.