सह्याद्रीतील भूचर गोगलगायी : रिकाम्या शंखावरून ओळख कितपत पटते?

पावसाळी पदभ्रमणाहून परतलेले विद्यार्थी दोन-चार रिकामे शंख आणतात व त्यांची नावे विचारतात. अशा शंखावरून वंश बहुधा सांगता येतो; जाती सांगणे मात्र पुष्कळदा धाडसाचे ठरते.

पहिली पायरी वेटोळ्यांची दिशा ही होय. शंखाचे टोक वर व मुख आपल्याकडे धरल्यास मुख उजवीकडे आले तर शंख दक्षिणावर्त, डावीकडे आले तर वामावर्त. (देवघरातील 'दक्षिणावर्ती' शंख टोक खाली करून धरतात, प्राणिशास्त्राच्या परिभाषेत तो वामावर्तच होय. मराठी टिपणांत यामुळे घोटाळा होतो.) आपल्याकडील बहुसंख्य गोगलगायी दक्षिणावर्त आहेत. म्हणूनच कोकणात आढळणारी वामावर्त अॅरिओफँटा लेव्हिपेस चटकन ओळखू येते.

यापुढील लक्षणे मात्र जिवंत प्राण्यापाशीच असतात. सायक्लोफोरस वंशातील गोगलगायीच्या पायावर मागील बाजूस झाकण असते. तिला दोनच शिंगे असून डोळे त्यांच्या बुडाशी असतात. मॅक्रोक्लॅमिस वंशात झाकण नसते, शिंगे चार असतात व डोळे वरच्या जोडीच्या टोकांवर असतात. प्राणी मेला की झाकणही गळून पडते, आणि दोन अगदी भिन्न गटांना वेगळे करणारा हा सोपा पुरावा नाहीसा होतो. मॅक्रोक्लॅमिसच्या कित्येक जातींचे पातळ, चकचकीत शंख तर इतके सारखे असतात की जननेंद्रियांचे विच्छेदन केल्यावाचून निर्णय होत नाही. मुखाची कडा जाड व बाहेर वळलेली असेल तर सायक्लोफोरसचा शंख प्रौढ समजावा. मॅक्रोक्लॅमिसमध्ये प्रौढावस्थेतही कडा पातळच राहते, तेव्हा हा नियम सरसकट लावू नये. आंबोलीच्या नावावरून २०२१ मध्ये वर्णिलेल्या व्हराडिया आंबोलिएन्सिस या जातीत तर कवच फारच लहान झाले आहे. तेथे शंखसंग्राहकाच्या हाती काय लागणार?

शोध कुजलेली पाने, पडलेली खोडे व दगडांच्या कपारी यांत घ्यावा. कित्येक जाती पूर्ण वाढूनही पाच मिलिमीटरांहून लहान असतात. त्यांच्यासाठी पालापाचोळा चाळणीने चाळावा लागतो. जुन्या किल्ल्यांच्या चुनेगच्ची भिंती अवश्य पाहाव्यात, कारण कवचासाठी लागणारे कॅल्शियम तेथे मिळते. आफ्रिकेतील मोठी गोगलगाय बेन्सनने १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यास आणली; तिची पिल्ले स्थानिक जातींची म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. ती परजीवी कृमींची वाहक असू शकते, म्हणून उघड्या हातांनी हाताळू नये.

ओढ्याकाठचा शंख वरच्या रानातून वाहत आलेला असू शकतो. म्हणून चालत्या गोगलगायीचे वरून, बाजूने व शेपटीकडून छायाचित्र घ्यावे आणि स्थळ, उंची, दिनांक व ती कशावर होती हे तेथेच लिहावे. नमुना आवश्यकच असेल, तर वनविभागाची अनुमती घेऊन तो सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये शरीरासह ठेवावा.