चिठ्ठीतला प्रश्न, यंत्राचे उत्तर

चारकोपचे आता वय झाले आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने म्हाडाने खाडीलगतच्या या जमिनीवर लहान-लहान भूखंड आखले, सहकारी सोसायट्या झाल्या आणि पोटाला चिमटा काढून माणसांनी येथे घरे उभी केली. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेली ती पिढी आज साठी-सत्तरीच्या घरात आहे. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, तर कुणाचे पित्ताशय कुरकुरते. दवाखान्यातून बाहेर पडताना हातात चिठ्ठी असते. ती घेऊन आपण एखाद्या डायग्नोस्टिक सेंटरच्या काचेच्या दारातून आत शिरतो आणि नंबर लागेपर्यंत मनात काहूर माजते. दुखेल का? किती वेळ लागेल? आणि मुख्य म्हणजे, काय निघेल?

त्या चिठ्ठीकडे आपण फर्मान म्हणून पाहतो. खरे तर तो एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला विचारलेला प्रश्न असतो. पित्ताशयात खडा आहे का? मणक्यातली नस दबली आहे का? चिठ्ठीवर नुसते 'पोटाची सोनोग्राफी' एवढेच लिहिले असेल, तर छायाचित्र तपासणाऱ्या रेडिऑलॉजिस्टने नेमके कुठे लक्ष द्यायचे? म्हणून दवाखान्यातून उठण्यापूर्वीच विचारावे, 'डॉक्टर, यातून आपल्याला काय कळायला हवे आहे?' आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. जुने रिपोर्ट आणि फिल्म बरोबर न्याव्यात. आम्हा बँकवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे की, एका तारखेच्या शिलकेवरून खात्याची चाल कळत नाही, मागची पाने उलटावी लागतात. फुप्फुसावरचा डाग पाच वर्षांपूर्वी तेवढाच होता की नव्हता, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आता यंत्रांविषयी. सर्वांत जुना तो एक्स-रे. विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पत्नीच्या हाताची हाडे अंगठीसकट काचेवर उमटवली. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. छातीच्या एका एक्स-रेत शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग साधारण दहा दिवसांत निसर्गाकडून आपसूक मिळतो तेवढाच असतो. त्याची धास्ती नको. मात्र दिवस गेले असण्याची शंका जरी असली, तरी स्त्रीने ते आधीच सांगितले पाहिजे.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, असतात ध्वनिलहरी. पोटावर चोपडतात ती गार जेली, यंत्राचा हात आणि त्वचा यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. उपाशी का बोलावतात? खाल्ले की पित्ताशय आकसते आणि आतला खडा नीट दिसत नाही. ओटीपोटाच्या तपासणीला उलट पाणी पिऊन लघवी रोखायला सांगतात, कारण भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते. मधुमेह्यांनी सकाळचा पहिला नंबर मागावा आणि औषधाचे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

सीटी स्कॅन म्हणजे भोवती फिरणारा एक्स-रे आणि जोडीला संगणक. पोटाच्या एका सीटीत सुमारे अडीच-तीन वर्षांचा नैसर्गिक किरणोत्सर्ग एकदम मिळतो. गरज असेल तेव्हा तो जीव वाचवतो, पण 'एकदा सगळे बघूनच टाका' असा हट्ट घरच्यांनी धरू नये. शिरेतून आयोडीनयुक्त औषध द्यायचे असेल, तर क्रिएटिनिनची तपासणी करून मूत्रपिंडाची ताकद पाहतात. औषध आत जाताना अंगात ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते. घाबरू नये. पण दमा असेल किंवा पूर्वी कशाची ॲलर्जी झाली असेल, तर ते लपवू नये.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण धोका वेगळा आहे. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट प्रबळ असते आणि तपासणी चालू नसतानाही ते चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक प्राणवायूचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचून घेतले आणि त्याचा जीव गेला. यंत्र बंद आहे असे त्याला सांगण्यात आले होते, असे घरच्यांचे म्हणणे होते. म्हणून मंगळसूत्र, पिना, किल्ल्या, श्रवणयंत्र बाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा कपाळाला आठ्या घालू नयेत. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी काळी गेलेला लोखंडाचा कण हे सगळे न विचारताही सांगावे. आत अर्धा-पाऊण तास ठोकाठोकीचा आवाज येतो. कोंडल्यासारखे वाटले तर दाबायला हातात रबरी फुगा दिलेला असतो.

सेंटरच्या भिंतींवरही नजर टाकावी. गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा आला १९९४ मध्ये. ती पाटी आणि सोनोग्राफीची नोंदणी दर्शनी भागात हवीच. क्ष-किरण यंत्रांना परवाना देते ते अणुऊर्जा नियामक मंडळ तर आपल्याच मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? स्त्री रुग्णाने तपासणीच्या वेळी महिला कर्मचारी मागावी. दर आधी विचारावा, शिरेतल्या औषधाचा वेगळा लागतो का तेही. डॉक्टरांनी नाव सांगितलेल्या सेंटरातच गेले पाहिजे असे नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनी निषिद्ध ठरवले आहे.

शेवटी हाती येतो लिफाफा. तो रिक्षात फोडला जातो आणि मोबाइलवरून भाच्याकडे, पुतण्याकडे पोहोचतो. 'डिजनरेटिव्ह चेंजेस' वाचून घर हादरते. साठीच्या मणक्यात ते दिसणे हे डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखेच आहे. रिपोर्टच्या तळाशी बहुधा एक वाक्य असते, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे, अशा अर्थाचे. ते अंग झटकण्यासाठी लिहिलेले नसते. यंत्राला सावली दिसते. ती सावली दुखते की नाही, हे त्याला दिसत नाही. ते तुम्ही सांगायचे आणि तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरने ताडून पाहायचे. 'सगळे नॉर्मल' आले आणि दुखणे मात्र तसेच असले, तरीही त्या खुर्चीसमोर पुन्हा जाऊन बसायचे. प्रश्न तिथून निघाला होता, उत्तरही तिथेच पोहोचवले पाहिजे.